काठावरचा मासा

"सगळ्यांचे मासे पाण्यात गेले. आमचाच तेवढा काठावर तडफडतोय."

सासूबाई हे भिंतीला सांगत होत्या. पण भिंत आणि टेलरबाई यांच्यात जेमतेम हातभर अंतर होतं, त्यामुळे ते नक्की कोणाला सांगायचं आहे याबद्दल कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. टेलरबाईंच्या तोंडात सात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असताना सुनेला उलट बोलता येत नाही, हे सासूबाईंना बावीस वर्षांच्या अनुभवाने पक्कं ठाऊक होतं आणि मनातलं बाहेर काढायला त्या नेमकी हीच वेळ गाठायच्या.

"हूं," टेलरबाई टाचण्यांमधून म्हणाल्या. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

मासा म्हणजे कागदाचा. संडे स्कूलच्या बाईंनी चर्चच्या हॉलच्या भिंतीवर निळ्या कार्डबोर्डची एक नदी लावली होती. नदीला पिवळा काठ, आणि काठावर बारा मुलांच्या नावांचे बारा मासे. ज्याने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं, त्याचा मासा काठावरून काढून पाण्यात चिकटवायचा, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. तीन रविवारांत अकरा मासे पाण्यात गेले. बारावा धाकटीचा. तो काठावर एकटाच, शेपटी जराशी सुटलेली.

पहिल्याच रविवारी धाकटीने हात वर करून विचारलं होतं, "बाई, मग आत्तापर्यंत सगळे मासे काठावर जिवंत कसे राहिले?"

बाई म्हणाल्या होत्या, "शहाणपणा पुरे." दहा वर्षांच्या मुलीला त्यात शहाणपणा काय झाला ते कळलं नाही. घरी येऊन तिने आईला विचारलं, आणि आईलाही सांगता आलं नाही.

धाकटीला तिचे बाबा 'मोजपट्टी' म्हणायचे. आईच्या टेपशी खेळत मोठी झालेली ही पोर, तिला अदमासे काही चालतच नसे. "भूक लागली का?" असं विचारलं तर "अर्धी लागलीय" म्हणायची. तिच्याकडून अर्ध्याची पाऊण करून घेणं अजून कोणाला जमलेलं नव्हतं.

आणि आता सगळी मंडळी तिच्याकडून पूर्ण मागत होती.

टेलरबाईंनी टाचण्या उशीत खोचल्या आणि मशीनवर बसल्या. दहावा झगा. पांढरं जाड कापड, लांब बाह्या, पायघोळ. बाप्तिस्म्याचा झगा शिवणं हे साधं काम नाही. माणूस पाण्यात उतरला की झगा फुगून छत्रीसारखा वर येतो, आणि त्या पवित्र क्षणी सगळ्या मंडळीला भलतंच दर्शन घडतं. म्हणून खालच्या दुमडीत वजन घालायचं. टेलरबाई नळाचे पितळी वॉशर घालत, दर चार बोटांवर एक. वॉशर घरात हवे तेवढे, कारण नवरा प्लंबर. हॉलच्या स्टेजखालचा हौद धुणं, भरणं, पाणी कोमट करणं हे त्याचं काम. झगे बायकोचे, हौद नवऱ्याचा, नंतरचा केक सासूबाईंचा. थोडक्यात, या घराशिवाय कोणी पाण्यात जाऊच शकत नव्हतं. आणि या घरातलीच पोर जाईना.

"लोक काय म्हणतील?" असं सासूबाई म्हणत नसत. त्या म्हणत, "प्रभू काय म्हणेल?" पण आवाज तोच.

टेलरबाई स्वतः चर्चच्या या मंडळीत जन्मलेल्या नव्हत्या. लग्न करून आल्या तेव्हा त्यांना सगळ्यात आवडलेली गोष्ट एकच. इथे तान्ह्या बाळाला पाणी लावत नाहीत. बाळाला पुढे आणायचं, प्रार्थना करायची, परत आईच्या मांडीवर. विश्वास ज्याचा त्याने ठेवायचा, आईबापाने त्याच्या वतीने नाही. मूल मोठं होईल, स्वतःच्या तोंडाने सगळ्यांपुढे आपल्या विश्वासाची साक्ष देईल, मग पाणी. टेलरबाईंनी त्या वेळी वर्षभर विचार केला होता. वर्षभर! सासूबाई एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. सून रविवारी मागच्या बाकावर बसे, आणि सासू पुढून वळूनही बघत नसे. मग एके दिवशी सून उठली, पुढे गेली, साक्ष द्यायला उभी राहिली आणि साक्ष दोन वाक्यांत संपली. "मला आधी वाटत नव्हतं. आता वाटतं." बस. पाणी थंडगार होतं, दात वाजत होते, आणि सासूबाईंनी टॉवेलात गुंडाळून तिला अशी घट्ट धरली होती की अजून आठवलं तरी खांद्याला ऊब येते.

त्याच सासूबाईंना सुनेची वाट बघता आली होती, नातीची बघवत नव्हती.

कारण मधल्या काळात 'मोठं होईल' याचं वय हळूहळू खाली घसरलं होतं. आधी अठरा, मग चौदा. मग कोणाचा तरी मुलगा बाराव्या वर्षी पाण्यात गेला, तर शेजारणीची अकराची का मागे राहावी? थोरलीच्या वेळी नऊवर आलं होतं. कोणी ठराव केला नव्हता, कोणी हुकूम दिला नव्हता. फक्त ज्याचं मूल गेलं तो ज्याचं गेलं नाही त्याच्याकडे जरा मायेने बघायचा. ती माया फार वाईट.

बुधवारी बेकरीवाली मुलाला ट्रायलला घेऊन आली. पोरगा नऊ वर्षांचा, गुबगुबीत, अंगाला खमंग वास. झगा चढवल्यावर तो आरशासमोर उभा राहून स्वतःला न्याहाळत राहिला.

"दोन ओळी लिहून द्याल ना साक्षीच्या?" बेकरीवाली म्हणाली. "तुमच्या हाताला भाषा आहे हो. मला पावाच्या ऑर्डरीपलीकडे लिहिता येत नाही."

टेलरबाईंनी दुमड टाचत वर न बघता मुलालाच विचारलं, "का रे राजा, तुला का जायचंय पाण्यात?"

"सगळे जातायत," तो म्हणाला. मग प्रामाणिकपणे पुढे, "आणि सायकल."

"गप रे!" बेकरीवाली हसली, पण कानापर्यंत लाल झाली. "पोरांचं काय मनावर घेता. आत कुठेतरी असतंच. बाहेर काढायला शब्द नसतात. तुम्ही द्या शब्द."

आणि टेलरबाईंनी दिले. हीच तर चिडचिड होती सगळी. दिवसभर मनातल्या मनात मंडळीला, बाईंना, सासूबाईंना, कागदी माशांना शिव्या घालायच्या आणि कोणी "दोन ओळी" म्हटलं की हात आपोआप वहीकडे जायचा. अकरा मुलांमधल्या सहा जणांच्या साक्षी त्यांच्याच हातच्या होत्या. मापं घेताना मूल कसं उभं राहतं, कुठे पोट आत ओढतं, ते बघायचं आणि त्याला शोभेल अशी साक्ष बेतायची. त्याही अंगात बरोबर बसायच्या.

ही सवय लागली आठ वर्षांपूर्वी, थोरलीपासून. नऊ वर्षांची थोरली कागदापुढे पेन्सिल चावत बसली होती. उद्या साक्ष, आणि कागद कोरा. टेलरबाई म्हणाल्या होत्या, "आण इकडे." किती सुंदर झाली होती ती साक्ष! 'माझ्या मनावरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतलं, जसं शाळेतून आल्यावर आई पाठीवरचं दप्तर उतरवते.' अर्ध्या मंडळीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. टेलरबाईंच्याही. स्वतःच्याच शब्दांवर रडायचं म्हणजे कमाल झाली.

आता थोरली सतरा वर्षांची होती. उपासनेला येई, मागच्या बाकावर बसे. प्रभूभोजनाचं ताट, भाकरीचे तुकडे आणि छोटे प्याले घेऊन, बाकाबाकावरून फिरे. बाप्तिस्मा झालेल्यांनी घ्यायचं. ताट थोरलीच्या हातात येई, आणि ती त्यातलं काही न घेता ते शेजारी सरकवे. गेलं वर्षभर. सासूबाई त्या वेळी डोळे मिटून असत. नवऱ्याला त्याच वेळी हॉलचा पंखा तपासायचा असे. ताट फिरवणारे मंडळीतले वडीलधारे नजर दुसरीकडे वळवत. टेलरबाई दोन बाकं पुढे बसून मान न वळवता सगळं बघत, आणि घरी आल्यावर "डाळीत मीठ जास्त झालं का?" असं विचारत.

गुरुवारी शाळेतून आल्यावर धाकटी कापायच्या टेबलावर चढून बसली. बाजूला बाराव्या झग्याचं कापड घडीत पडून होतं. टेलरबाईंनी त्याला आठवडाभर कात्री लावली नव्हती.

"आई, आजी म्हणते मी लाजते."

"लाजतेस का?"

"नाही. मी शाळेत सगळ्यांसमोर पाढे म्हणते." पाय हलवत ती पुढे म्हणाली, "बेकरीवालीचा मुलगा मला म्हणाला, तू नाही आलीस तर केक खायचा नाहीस. आणि बाकीचे माझ्याशी खेळताना सारखे म्हणतात, ही काठावरची."

टेलरबाईंच्या हातातला खडू मोडला.

"मी त्याची साक्ष वाचली," धाकटी म्हणाली. "तुझं अक्षर आहे. 'मनावरचं ओझं उतरलं.' पण आई, माझ्या मनावर ओझं नव्हतंच. आत्ता आलंय."

"किती?" टेलरबाईंनी विचारलं. या पोरीशी बोलायचं तर तिच्याच मापात.

धाकटीने नीट विचार केला. "भरलेल्या बादलीएवढं."

"आणि देव?"

"तो आहे असं मला वाटतं. बहुतेक. रोज रात्री मी त्याच्याशी बोलते. पण तो काय म्हणतो ते मला अजून नीट ऐकू येत नाही. ऐकू येईल तेव्हा सांगीन ना मी."

टेलरबाईंना तिला उचलून घ्यावंसं वाटलं, पण पोर आता उचलण्याच्या मापाची राहिली नव्हती. त्यांनी फक्त तिचा मोजा वर ओढला.

त्या दिवशी जेवताना त्यांनी नवऱ्याकडे विषय काढला. "अहो, धाकटीचं काय करायचं?"

"मी पाणी कोमट ठेवतो ना," नवरा म्हणाला. "अगदी अंघोळीसारखं."

"पाण्याचा प्रश्न नाहीये."

"मग कशाचा आहे?" त्याने खरंच विचारलं, आणि घास तोंडात घालून उत्तराची वाट न बघता उठला. हौदाची तोटी गळत होती. तोटी गळते तेव्हा काय करायचं हे त्याला माहीत होतं. बाकीच्या गळतीसाठी त्याच्याकडे पाना नव्हता.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये तालीम. स्टेजच्या फळ्या काढून एका बाजूला रचलेल्या, खाली हौद उघडा, त्यात रबरी नळीतून पाणी पडत होतं आणि नवरा गुडघे टेकून नळी धरून बसला होता. आया बाकांवर. सासूबाई पहिल्या रांगेत, मांडीवर एक पिशवी. थोरली मागच्या बाकावर, आजीने "लहान बहिणीसाठी तरी चल" म्हणून आणलेली. टेलरबाई जमिनीवर बसून शेवटच्या दुमडी टाचत होत्या, तोंडात टाचण्या.

पाळकसाहेब तरुण होते, भले होते. मुलांना एकेक करून पुढे बोलावत होते. "घाबरायचं नाही. मनातलं बोलायचं."

बेकरीवालीचा मुलगा पहिला. छाती काढून म्हणाला, "माझ्या मनावरचं ओझं उतरलं, जसं पाठीवरचं दप्तर उतरतं."

"आमेन," बायका म्हणाल्या.

आणखी दोघं जण झाले. चौथी मुलगी उभी राहिली. "मला वाटलं, कोणीतरी माझं दप्तर काढून घेतलं."

टेलरबाईंचा हात थांबला. घाईत एकच बेत दोघांना बसवला होता की काय?

सातवा मुलगा. "दप्तर..." तो सुरू झाला, आणि धाकटी फिस्सकन हसली.

दोघांना नाही, तिघांना. टेलरबाईंना वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, आता कोणीतरी उठून विचारेल, अहो ही सगळी दप्तरं आली कुठून? पण संडे स्कूलच्या बाईंनी हात जोडले आणि गहिवरून म्हणाल्या, "बघा, एकच आत्मा सगळ्यांच्या तोंडून बोलतोय!"

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बेकरीवालीनेसुद्धा. तिला तर पक्कं माहीत होतं. टेलरबाईंकडे तिने असं बघितलं, जसं दोघींनी मिळून एक काच फोडली आहे आणि मालक म्हणतोय, वारा सुटला होता.

अकरा झाले. पाळकसाहेबांनी कागद बघितला. "आणि आपली बारावी?"

"ती नाहीये त्यात," टेलरबाई टाचण्यांमधून म्हणाल्या. कोणालाच कळलं नाही.

सासूबाईंनी मांडीवरची पिशवी उघडली. त्यात थोरलीचा जुना झगा, धुतलेला, इस्त्री केलेला. "नवा शिवायला कोणाला वेळ झाला नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हणून मीच ट्रंकेतून काढला." त्यांनी तो धाकटीच्या डोक्यावरून घातलासुद्धा. झग्याच्या आत धाकटी उभी राहिली, हात खाली, वॉशरच्या वजनाने झगा ताणलेला, चेहरा मान वर काढून पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखा.

"आणि हे बघ," संडे स्कूलच्या बाई भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, "मी विश्वासाने तुझा मासा आधीच पाण्यात टाकलाय!"

सगळ्यांनी बघितलं. खरंच. पिवळा काठ रिकामा. बारावा मासा निळ्या कार्डबोर्डवर, बाकीच्यांच्या मध्ये, चिकटपट्टीची दोन टोकं चमकत होती. टाळ्या झाल्या.

"मी सांगितलं नव्हतं," धाकटी म्हणाली.

"लाजते हो पोर," पहिल्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"लाजते," सासूबाई म्हणाल्या.

"पाणी मस्त कोमट आहे गं, मोजपट्टी," बाबा हौदाजवळून म्हणाले.

पाळकसाहेब तिच्यासमोर उकिडवे बसले. "बाळा, प्रभूवर तुझं प्रेम आहे ना?"

"आहे. बहुतेक."

"मग झालं तर!"

"बहुतेक म्हणाले मी," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता पातळ व्हायला लागला होता. भरलेली बादली काठोकाठ आली की हलते, तशी तिची हनुवटी हलत होती. अजून एक जण प्रेमाने बोलला असता, तर ती 'हो' म्हणाली असती. टेलरबाईंना ते स्पष्ट दिसलं. तिला विश्वास वाटतो म्हणून नाही, सगळे थांबावेत म्हणून.

आणि नेमक्या त्याच वेळी संडे स्कूलच्या बाई म्हणाल्या, "टेलरबाई, तुम्हीच समजवा तिला. थोरलीची साक्ष आठवते ना? आठ वर्षं झाली, मला अजून पाठ आहे. काय मनापासून बोलली होती पोर!"

मागच्या बाकावर थोरलीने मान खाली घातली. तिच्याकडे कोणी बघितलं नाही. वर्षभर जसं बघितलं नव्हतं, तसंच, सगळ्यांनी मिळून.

टेलरबाईंनी तोंडातली एक टाचणी काढली आणि मनगटावरच्या उशीत खोचली. मग दुसरी. तिसरी. हॉलमध्ये नळीचं पाणी तेवढं पडत होतं. सासूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं, टाचण्या संपत चालल्या होत्या, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

"अहो," टेलरबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ती नळी बंद करा जरा."

त्याने बंद केली.

टेलरबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. आधी धाकटीकडे गेल्या, तिचे दोन्ही हात वर केले आणि झगा डोक्यावरून काढून घेतला. तो खाली पडताना वॉशर फरशीवर वाजले.

"थोरली मनापासून बोलली नव्हती," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. "ती साक्ष माझी होती. तिने पाठ केली, कारण मी म्हटलं कर. आज ऐकलीत ती तिन्ही दप्तरंही माझीच. आत्म्याला उगाच मध्ये आणू नका."

"ताई..." पाळकसाहेब उभे राहिले.

"थांबा साहेब, एकदाच बोलते. माझी थोरली वर्षभर प्रभूभोजनाचं ताट न घेता पुढे सरकवतेय. इथल्या प्रत्येकाने बघितलंय. सासूबाई, तुम्ही डोळे मिटता. अहो, तुम्ही पंखा बघता. मी मीठ जास्त झालं का विचारते." त्या मागच्या बाकाकडे वळल्या. थोरली आता मान वर करून थेट आईकडे बघत होती. "तान्ह्या बाळाला विचारता येत नाही म्हणून आपण त्याला पाणी लावत नाही. आणि हिला विचारता येईल एवढी ती मोठी झाली, तेव्हा हिला कोणी विचारलं नाही. उत्तर मीच लिहून दिलं. धाकटीचं मी लिहिणार नाही, तिला ऐकू येईल तेव्हा तीच देईल."